तालमीचा हौदा पर्यटकांना उघडावा का?

सीमेवरचा
खानापूर-जांबोटी भागात चोर्ला घाटाने गोव्याकडचे पाहुणे मुक्कामाला येतात. धबधबे, जंगल, गावरान जेवण आणि आता त्यात 'सकाळची तालीम'. एक निवासवाला पाहुण्यांना गाडीत घालून तालमीत आणतो, लंगोट नेसवतो, अंगाला माती फासतो, फोटो काढतो आणि तासाभरात परत नेतो. यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं मत असं की बाहेरच्या माणसाला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, जरूर घ्यावं, पण तालमीच्या शिस्तीत. पहाटे अंधारात यायचं. चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, मग हातात फावडं. पोरं रोज आधी हौदा खणतात. माती रात्रभरात दबून घट्ट होते आणि तशा मातीवर पडलं तर खांदा जातो. म्हणून ती ढोपरभर उकरायची, ढेकळं फोडायची, लाकडी फळीने सपाट करायची. नवी माती टाकताना ती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. खणून झालं की तिचा जो वास उठतो तो फोटोत येत नाही. निम्मा हौदा खणला की पाहुण्याच्या तळहाताला फोड येतात आणि शेजारचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा न थांबता खणत असतो. कुस्ती काय आहे हे त्याला तिथंच कळतं. त्यानंतर सपाटे, बैठका, जमली तर दोरी. लढत शेवटी, तीही वस्तादांनी म्हटलं तरच.

पैसे घ्यावेत का? घ्यावेत, आणि सगळे खुराकाला जावेत. दूध, तूप, बदाम यांचा भार शेतमजुराच्या घराला पेलत नाही. चांगली पोरं याच कारणाने तालीम सोडून बेळगावच्या उद्यमबागच्या कारखान्यांत जातात.

अजून एक. देशाचे पहिले हिंदकेसरी, १९५९ चे श्रीपती खंचनाळे, आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. आपल्याच पोरांना हे सांगावं लागतं. बाहेरचा माणूस विचारायला लागला की घरच्यांनाही ते आठवतं.

वस्तादांचा नातू
साफ विरोध. तालीम ही बघायची जागा नाही. बघायला मैदान आहे. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात या, गावोगावच्या जत्रांच्या मैदानांना या. हलगी-घुमकं वाजतं, फेटे बांधून पंच फिरतात, हजारो माणसं बांधावर बसतात. तिथं पाहुण्याला कोण अडवतंय? शेजारचा माणूस प्रत्येक डाव समजावून सांगेल, वर चहा पाजेल.

तालमीत मात्र पोरगा रोज हरायला येतो. वरचा पैलवान त्याला दहादा पाडतो, घिस्सा डाव कसा लागतो, ढाक मारताना पाय कुठं अडकतो ते अंगावर शिकवतो. कोणी बघत नाही म्हणून तो न लाजता पडतो. तिथं कॅमेरा आला की पोरगं पडायला कचरतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पाहुणे आले त्या सकाळी आमचा सगळ्यात उमदा गडी जोडीदाराशी नुसता हात खेळवत राहिला. "ते फोटो काढूलालेत," एवढंच म्हणाला. वस्तादांनी त्या दिवशी लढती थांबवल्या. मैदान जवळ आलेलं असताना एक सकाळ बुडणं काय असतं, ते निवासवाल्याला कळणार नाही.

खुराकाचं म्हणाल तर गावाने तो आजवर दिलाच आहे. गवळ्याने दूध सोडलं, कोणी वर्षाचे गहू दिले. पाहुण्यांचे पैसे यायला लागले की गाव हात आखडतं घेणार. आणि पर्यटक पावसाळ्यानंतर चार महिने येतो, पोरगा बारा महिने खातो.

कडोलीची लेक
दोघांचंही वाचलं. मला एकच विचारायचं आहे. त्या निवासवाल्याच्या फोटोंत दोन परदेशी बाया हौद्यात उभ्या आहेत. मातीत, हसत. माझ्या भाचीला त्याच तालमीच्या उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. का, तर मुलींनी हौद्यात उतरायचं नसतं.

साक्षी मलिकने रिओत पदक घेतलं २०१६ साली. सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली २०२३ मध्ये, आमच्यापासून तीन तासांवर. माझी भाची आता शाळेच्या मॅटवर शिकते, रोज बस बदलून जाते. पाहुणीला तासाभरासाठी जी परंपरा वाकते ती गावच्या पोरीसाठी का वाकत नाही, याचं उत्तर आधी द्या.

कोचीतला बेळगावकर
नोकरीमुळे केरळात आहे, म्हणून तिकडचं सांगतो. थेक्कडीला रोज संध्याकाळी तिकीट लावून कळरीपयट्टूचे, तिकडच्या युद्धकलेचे, प्रयोग होतात. प्रेक्षक वर बसतात, खाली लाठ्या, ढाल-तलवारी, शेवटी आगीच्या कड्यांतून उड्या. देखणं असतं. पण शिकायची कळरी, म्हणजे त्यांची तालीम, वेगळी. जमिनीत खोदलेली, बेचाळीस फूट लांब, एकवीस फूट रुंद, नैर्ऋत्य कोपऱ्यात पूत्तरा, म्हणजे सात पायऱ्यांची देवाची वेदी, तिला वंदन केल्याशिवाय पाऊल पुढे नाही. आधी शरीर घडवायचे मेयपयट्टू, मग लाकडी हत्यारं, मग लोखंडी. परदेशी लोक तिथंही येतात, पण महिनोन्‌महिने राहतात आणि इतर शिष्यांसारखेच गुरुक्कलांच्या पाया पडतात. संध्याकाळचा प्रयोग पोट भरतो, सकाळची कळरी विद्या राखते. आपण असं का करू नये? तालमीबाहेर पटांगणात मल्लखांब, करेला-जोडी ही फिरवायची लाकडी मुद्गलं, चार डावांची प्रात्यक्षिकं दाखवा. हौद्याला हात लागत नाही.

वस्तादांचा नातू
करेला-जोडीचं मान्य, ते दाखवा. डावांचं नाही. तलवारीचा खेळ बसवून दाखवता येतो, कुस्ती बसवली की ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली खोटी लढत होते. पैसे घेऊन रोज संध्याकाळी ठरवून पडणाऱ्या पोराला जत्रेच्या मैदानात कोण जोड देईल? पैलवानाचं नाव एकदा नुरात आलं की ते धुऊन निघत नाही.

फिजिओ, टिळकवाडी
रुग्ण तपासतो त्या अनुभवावरून थोडं. पैलवानाची मान वर्षानुवर्षांच्या पुलाने, म्हणजे डोकं टेकवून केलेल्या कमानीने, आणि जोरांनी तयार होते. ऑफिसात बसणाऱ्याची मान तशी नसते. सहज घातलेल्या मानखेचीतही मणक्याला इजा होऊ शकते. मोडलेले कान हौसेने बघता ना? कानाची कातडी कूर्चेपासून सुटते, मध्ये रक्त साचतं, वेळेत काढलं नाही तर कान तसाच घट्ट होतो. आणि गजकर्ण. ते पाहुण्याकडून पोरांना आणि पोरांकडून पाहुण्याला, दोन्हीकडून लागतं. अंगावर चट्टा असलेल्या कोणालाही हौद्यात घेऊ नये, पाहुणा असो की घरचा. सपाटे-बैठका खुशाल करू द्या. लढत नको.

सीमेवरचा
फिजिओंचं पटलं, लढत काढून टाकतो. बाकी मी ठाम आहे. नातू, तुम्ही म्हणता गाव दूध देतं. आमच्या तालमीत या आणि बघा. गवळ्याच्या पोराने म्हशी विकल्या, तो पुण्याला आहे. सकाळी हौदा खणायला सहा पोरं असतात, माझ्या लहानपणी जागा मिळायची नाही. कॅमेरा तुमच्याइतकाच मलाही नको. दारातच फोन काढून घ्या. पण दार लावून बसलो तर आत राखायला काय उरेल?

कडोलीच्या ताईंना उत्तर देणं मी टाळत नाही. त्या बायांना हौद्यात नेलं ते वस्ताद गावाला गेलेले असताना. तरी त्यांचा प्रश्न खरा आहे.

वस्तादांचा नातू
सहा पोरं पाहुण्यांमुळे बारा होणार नाहीत. पोलीस, सैन्य, रेल्वेत खेळाडूंची भरती वाढली तर होतील. त्यासाठी आमदारांच्या दारात बसू या, मी येतो. निवासवाल्याच्या गाडीची वाट बघणार नाही.

कडोलीची लेक
प्रश्न खरा आहे म्हणून पुढे जाऊ नका. रविवारी पंचमंडळाची बैठक आहे ना? मी भाचीला आणि तिच्याबरोबरच्या तिघींना घेऊन येते. दुपारी हौदा रिकामाच असतो, ती वेळ पोरींना द्या. खणायचं आम्हाला कोणी शिकवायला नको, शेतात तेच करतो. पाहुण्यांचा विषय त्यानंतर घ्या, मी शेवटपर्यंत बसेन.