शेरूच्या मूत्रपिंडाचा आजार आणि घरातला न सुटणारा प्रश्न

प्रश्न:
आमचा शेरू अकरा वर्षांचा लॅब्राडोर आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तो फार पाणी पितो, जेवण टाकतो आणि सकाळी पिवळी उलटी करतो. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) ४.६ आले असून, हा मूत्रपिंडाचा जुना आजार आहे आणि तो पूर्ण बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. भावाचे म्हणणे असे की त्याचे हाल करण्यापेक्षा त्याला शांतपणे जाऊ द्यावे. आईसमोर मात्र हा विषयही काढता येत नाही, कारण सेवानिवृत्तीनंतर तिचा सारा दिवस शेरूभोवतीच फिरतो. निर्णय केव्हा आणि कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर १:
या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. क्रिएटिनिन २.९ ते ५ असेल तर आजार चारपैकी तिसऱ्या टप्प्यात धरतात, पण उलट्यांमुळे अंगातले पाणी कमी झाले असेल तर हा आकडा फुगलेला येतो. म्हणून सलाईननंतर प्रकृती स्थिरावली की तपासणी पुन्हा करतात. लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब तपासून घ्या, तसेच गोचीड तापाचीही शंका डॉक्टरांना विचारा, कारण आपल्याकडे तो सर्रास आढळतो आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतो. दुसरे मत हवे असल्यास नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. तो घरात लघवी करतो म्हणून त्याचे पाणी कधीही तोडू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी आधीच थकलेले मूत्रपिंड बंद पाडू शकते.

प्रश्नकर्ता:
आई त्याला मटणाच्या हाडांचे सूप देते, कारण तेवढेच तो आवडीने पितो. तेही बंद करावे लागेल का?

उत्तर २:
हाडे आणि कलेजी यांत फॉस्फरस जास्त असतो आणि आजारी मूत्रपिंडाला तो बाहेर टाकणे जड जाते, त्यामुळे ती टाळलेली बरी. पथ्याचा आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्या, परंतु तो पथ्याचे काहीच खात नसेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा तो जे खाईल ते द्यावे, असे माझे मत आहे. निर्णयाच्या आधाराविषयी सांगायचे तर, ॲलिस व्हियालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी २००४ मध्ये मांडलेली एक मोजपट्टी आमच्या घरी उपयोगी पडली. वेदना, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. एकूण पस्तीसच्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यास अर्थ आहे, असे ती मानते. गुण प्रत्येकाने वेगवेगळे लिहावेत, कारण एकत्र बसले की मोठ्याने बोलणाऱ्याचेच गुण कागदावर उतरतात. (आमच्याकडे तो मान काकांचा होता.)

उत्तर ३:
शेरूच्या रोजच्या नोंदींची एक वही करा आणि ती आईच्याच हाती द्या. शेरूने किती खाल्ले, उलटी झाली का, दारात कोणी आले तर उठला का, हे तिच्याइतके बारकाईने दुसरे कोणी पाहत नाही, आणि स्वतः लिहिलेल्या नोंदी ती भावाच्या तर्कापेक्षा लवकर मान्य करील. कातडीखाली सलाईन देणे डॉक्टर घरच्यांना शिकवतात. तेही तिला जमेल. शेवटच्या इंजेक्शनची चौकशी मात्र तुम्ही दोघे भावंडे आताच करून ठेवा: आधी गुंगीचे औषध देतात का, डॉक्टर घरी येतात का, आणि नंतर त्याला पुरायचे कुठे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हा शेवटचा प्रश्न ऐन वेळी फार अडचणीचा ठरतो.