जुनी डिझेल गाडी घेण्याआधी चालवून बघताना नेमकं काय बघायचं?

खानापूरकर_२६

नमस्कार मंडळी. २०१६ ची स्विफ्ट डिझेल बघितली आहे. एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंग, काट्यावर ७८ हजार किलोमीटर. मालक सध्या बेळगावात शहापूरला असतात. माझं रोज खानापूर-बेळगाव ये-जा आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा. शनिवारी दुपारी बोलावलंय. मालक म्हणतात, "या की, गाडी सुरू करून तयार ठेवतो, एक राउंड मारू." राउंड म्हणजे खडेबाजारातून फिरून परत, दीड-दोन किलोमीटर. एवढ्यात काय डोंबल कळणार? मिस्त्री बरोबर नेणारच आहे, पण चालवणाऱ्याला स्टिअरिंगवर बसून काय काय कळतं आणि कुठल्या क्रमानं बघायचं, ते जाणकारांनी सांगावं.

उद्यमबाग_फिटर

पहिलं काम आत्ताच फोनवर करा. "गाडी सुरू करून ठेवू नका, रात्री लावली तशीच राहू द्या" म्हणून सांगा, आणि दुपारी नको, सकाळी सात-साडेसातला जा. डिझेल इंजिनची निम्मी दुखणी गरम झाल्यावर लपतात. खराब ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आत ऊब देणारा), थेंब गाळणारा इंजेक्टर, कमी झालेलं कॉम्प्रेशन, दम गेलेली बॅटरी, सैल टायमिंग चेन, सगळं पहिल्या दहा सेकंदांत बोलतं आणि मग गप्प बसतं.

पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर हसून चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी या.

थंड असतानाच कूलंटची बाटली उघडून बघा. गरम असताना कधीच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आत रंगीत स्वच्छ पाणी पाहिजे. वर तेलाचा तवंग किंवा तपकिरी चिखल दिसला तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरचा संशय. नुसतं साधं पाणी भरलेलं असेल तर कुठंतरी गळती आहे आणि रोज भरून काम चालवलंय असं धरा. मग ऑइलची पट्टी. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्याला घाबरू नका. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर इंजेक्टर गळतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर लगेच निकाल देऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला थोडी साय धरते. कूलंटमध्येही तेल दिसलं तर मात्र विषय संपला.

आता किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग यांतले जे दिवे त्या मॉडेलला आहेत ते सगळे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो बहुतेक वेळा काढून टाकलेला असतो. एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून दोन्ही एकदम विझवायची युक्ती जुनी आहे, म्हणून ते दोन एकाच क्षणी विझतात का तेही बघा.

ग्लो प्लगची स्प्रिंगसारखी खूण विझली की सेल्फ मारा. दोन-तीन सेकंदांत इंजिन धरलं पाहिजे. सोबतच्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा, कारण धूर आतून दिसत नाही. थंडीत मिनिट-दोन मिनिटं पांढरी वाफ चालते. पांढरा धूर थांबतच नसेल आणि डोळे चुरचुरत असतील तर ते न जळलेलं डिझेल. गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल. रेस दिल्यावर एक काळा झोत चालेल, सतत काळा नको. सुरू होताना साखळी ओढल्यासारखा आवाज दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त राहिला तर चेनचा टेन्शनर. ह्या इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे आणि ते काम स्वस्त नाही.

नंतर चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. हलकी थरथर असतेच. झाकण उडत असेल आणि खालून भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूनं खाली निसटतोय. अशा गाडीचा भाव विचारायचाही नाही.

घाटवाट

फिटर दादांनी उभ्या गाडीचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. मालकाला शेजारी बसवा, म्हणजे त्यांचा जीव टांगणीला लागत नाही. पण वाट तुम्ही ठरवा आणि तासभर मागून घ्या. शहापूरहून वडगाव, येळ्ळूर आणि तिथून राजहंसगडाचा चढ. शहराजवळ एवढा चांगला चढ दुसरा नाही, चोर्ल्यापर्यंत जायची गरज पडत नाही. परतून हायवेला लागायचं आणि काकतीच्या दिशेनं जाऊन यायचं. रेडिओ बंद, काचा सुरुवातीला खाली आणि हायवेवर वर.

गल्लीत असताना: गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकताना खर्रर्र होतंय का बघा, गिअर जुळवणारी सिंक्रो रिंग बहुतेक तिथंच आधी झिजते. मोकळं मैदान मिळेल तिथं स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल मारा, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. चाकातून कटकट आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलाय. रबरी बूट फाटून आत माती जाते आणि आपल्याकडच्या लाल चिखलात ते लवकर होतं. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटचे रूळ दहा-पंधराच्या वेगानं ओलांडा. खालून टकटक म्हणजे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश, धप्प असा एकच जड आवाज म्हणजे शॉकअप किंवा त्याचं वरचं माउंटिंग.

चढावर: एसी चालू, गाडीत चार माणसं, दुसरा-तिसरा गिअर. १.३ डिझेल दोन हजार आरपीएमच्या खाली मरगळलेलंच वाटतं, तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. दोन हजारानंतर पाठीत ढकलल्यासारखा ओढा आला पाहिजे. ओढा नसेल आणि काळा धूर असेल तर टर्बोचा पाइप फाटलेला असू शकतो, त्यात काही मोठं नाही. बारीक शीळ चालते, सायरनसारखा आवाज चालत नाही. तापमानाचा काटा एकदा वर येऊन बसला की चढावर हलता कामा नये.

उतरताना तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढा, गाडी इंजिनवर उतरू द्या. गिअर आपोआप न्यूट्रलला उडाला तर गिअरबॉक्सचं काम आहे. खाली आल्यावर पुन्हा रेस देताना मागं निळा झोत आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचा सील ऑइल पितोय. हे सपाट रस्त्यावर सहसा दिसत नाही, घाटात दिसतं.

हायवेवर ८० ते १०० ला स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक व्हील बॅलन्सिंग. ते किरकोळ. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं तर डिस्क वाकडी. ५० नंतर वाढत जाणारी घूंऽऽ असेल तर लेन बदलताना ऐका. उजवीकडं वळताना आवाज वाढला तर डाव्या चाकाचं बेअरिंग, डावीकडं वळताना वाढला तर उजवं, कारण वजन त्या बाजूवर पडतं. मागं कुणी नाही बघून ६० वरून ब्रेक जोरात दाबा, हात स्टिअरिंगवर सैल ठेवून. गाडी एका बाजूला ओढता कामा नये.

पिकअप_पावर

क्लच बघायची सोपी पद्धत राहिली की! उभ्या गाडीत हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ओके.

उद्यमबाग_फिटर

दुसऱ्याच्या गाडीवर हे करू नका ओ. क्लच घसरत असेल तर प्लेट तिथंच जळते, आणि हँडब्रेक ढिला असेल तर गाडी पुढच्या गटारात. चालत्या गाडीत बघा. चौथा गिअर, ५०-६० चा वेग, चढ सुरू होतो तिथं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग तिथंच राहिला तर क्लच घसरतोय. क्लचचं पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलायला लागली तर प्लेट शेवटाकडं आहे. दाबल्यावर खरखर येऊन सोडल्यावर थांबली तर रिलीज बेअरिंग.

ब्रेकचं एक राहिलं. गाडी बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल दगडासारखं होईल. तसंच दाबून धरून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, नाही गेलं तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूम नळी. चालू गाडीत तीस सेकंद दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडर.

खानापूरकर_२६

खूप आभार. फोन केला. सकाळची वेळ मान्य. पण बोलण्यात निघालं की इन्शुरन्स मागच्या महिन्यात संपलाय. "दोन-तीन किलोमीटरला काय होतंय" म्हणतात. चालेल का?

निपाणी_कागल

नाही चालणार. किमान थर्ड पार्टी पॉलिसी असल्याशिवाय रस्त्यावर चाक फिरवू नका. कुणाला धक्का लागला तर भरपाई चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या खिशातून जाते. थर्ड पार्टी ऑनलाइन काढायला अर्धा तास पुरतो, त्यांना काढू द्या. नो क्लेम बोनस दाखवून भाव वाढवत असतील तर तो मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. तुमचं लायसन, आरसी आणि पीयूसी बरोबर ठेवा.

आता एमएच ०९ म्हटल्यावर दुसरी गोष्ट. २०१६ ची गाडी म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, कोल्हापूरचे दोन्ही महापूर तिनं पाहिलेत. कुठून पाहिले ते शोधा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, धुतलेल्या गाडीतसुद्धा गुंडाळीच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. तांबडी भुकटी असेल तर जांबोटीकडच्या रस्त्याची धूळ समजा, काळपट चिकट रेघ नदीच्या गाळाची. सीटखालच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी आहे का बघा. काचा बंद करून दहा मिनिटं एसी न लावता बसा. कुबट वास तेव्हा येतो. गाडीत झुळझुळीत परफ्यूम मारलेला असेल तर नाक जास्तच लावा.

टायरवरचे चार आकडे वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे असतील, किंवा पुढच्या टायरची फक्त आतली कड झिजली असेल, तर अलाइनमेंट किंवा अपघाताची चौकशी करा. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा) लावून "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हे बघा. १५ किलोमीटर आलं तर कालच काहीतरी पुसलंय.

पासिंगचं असं. गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्याला कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि ३५. वर इथला आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा. मालक आधीपासूनच बेळगावात आहेत, तेव्हा त्यांचे बारा महिने कधी सुरू झाले तेही विचारा. कराचा आकडा आरटीओत विचारून मगच भावाला बसा. नाहीतर स्वस्त वाटलेली एमएच गाडी केए २२ च्या (बेळगाव पासिंगच्या) भावात पडते. ई-चलान वाहन क्रमांकावर तपासा, हायवेच्या कॅमेऱ्यांचे बरेच निघतात.

घाटवाट

एक छोटं. परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. चढ चढून आलेल्या टर्बोला मिनिटभर आयडलवर राहू द्या. मग एसी लावून पाच-सात मिनिटं उभीच चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊन थांबतो का बघा. बंद करून खाली कोरडा पुठ्ठा सरकवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. गरम इंजिन उशिरा धरत असेल तर इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप. पुठ्ठ्यावर स्वच्छ पाणी एसीचं असतं, बाकी कुठलाही थेंब बोटानं घासून वास घ्या.

खानापूरकर_२६

शेवटचं विचारतो. सगळं ठीक निघालं आणि फक्त क्लच शेवटाकडं आला, तर गाडी सोडायची का?

उद्यमबाग_फिटर

सोडायची नाही. क्लच, टायर, शॉकअप, डिस्क ह्या झिजायच्याच वस्तू. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट आणि मजुरी यांचा अंदाज मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या आणि तेवढी रक्कम ठरलेल्या भावातून वजा करा. बॅक कॉम्प्रेशन, कूलंटमध्ये तेल, पुराचा गाळ, या तिन्हींना मात्र कितीही पैसे कमी केले तरी हात लावू नका. आणि टोकन चालवून झाल्यावरच द्या, आधी हजार रुपयेसुद्धा नको.