पहिलंच साहस रचलं आणि खेळाडू चोरदरवाजापाशीच अडकले

प्रश्न

तीन वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळतोय, पण कायम खेळाडू म्हणून. गेल्या महिन्यात आमच्या डीएमला, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्याला, वेळ मिळेना, तेव्हा "मी चालवतो की!" असं बोलून बसलो. सव्वीस पानं लिहिली. ओसाड किल्ला, तळघरात कोंडलेली राजवैद्य, तिला पळवणारा सरदार. त्याचं भाषणच पाऊण पान होतं.

तळघराचा चोरदरवाजा शोधायला वीस बाजूंच्या फाशावर किमान १५ चा आकडा ठेवला होता. एका पात्राला फाशावरच्या आकड्यात +३ मिळत होते, बाकी तिघांना काहीच नाही. चौघांनी फासा टाकला, चौघेही नापास. ते माझ्याकडे बघतायत, मी कागदांकडे. शेवटी म्हटलं, "वाऱ्याने दरवाजा उघडतो." सगळे हसले, मीही हसलो, पण कान तापले होते. पुढे सरदाराच्या भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला एकीने बाण सोडला आणि दोन फेऱ्यांत लढाई संपली.

पुढच्या वेळी आणखी बारकाईने लिहू का?

उत्तर १

नको! सव्वीसची बावन्न पानं झाली तरी तो दरवाजा बंदच राहील.

आधी हिशेब बघा. +३ वाल्याला फाशावर १२ किंवा जास्त हवेत, म्हणजे नापास व्हायची शक्यता ५५ टक्के. बाकीच्यांची प्रत्येकी ७० टक्के. चौघेही एकदम नापास होण्याची शक्यता जवळपास १९ टक्के. पाच वेळा खेळलात तर सरासरी एकदा हे व्हायचंच, आणि तुमच्या कागदावर त्या एका वेळेसाठी ओळसुद्धा नव्हती. नशिबाला बोल लावू नका.

मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. फासा टाकायला सांगण्याआधी मनात विचारायचं, हा फसला तर पुढे काय? उत्तर "काहीच नाही" असेल तर फासा टाकायलाच लावायचा नाही. दरवाजा सापडतोच. प्रश्न एवढाच, की पहारेकऱ्याला चाहूल लागण्याआधी सापडतो की नंतर. मग नापास झाले तरी खेळ पुढे सरकतो, उलट जास्त रंगतो. शिवाय ज्या माहितीवाचून गाडी अडेल ती तीन ठिकाणी ठेवा: भिंतीवरचा ओरखडा, जुन्या भटारखान्यातली म्हातारी, सरदाराच्या माणसाच्या खिशातला नकाशा. दोन हमखास हुकतात.

हा खेळ १९७४ साली आला तो युद्धाच्या पटखेळांमधून. लढाईचे नियम पानंच्या पानं आहेत ते त्यामुळेच. अडलेल्या दरवाजाचं काय करायचं हे बरंचसं आपल्यावर सोडलेलं असतं.

लिहायचंच असेल तर सरदाराबद्दल लिहा, भाषण सोडून. त्याला वैद्य कशाला हवी? मुलगा आजारी आहे? किती दिवस हातात आहेत? खेळाडू आलेच नाहीत तर चौथ्या रात्री काय होईल? एवढं अर्ध्या पानात बसतं, आणि खेळाडू छपरावरून आले, तहाला आले किंवा स्वयंपाकी बनून आले तरी तुम्हाला उत्तर सुचतं. माझ्या पहिल्या खेळात मी राजवाड्याच्या चौदा खोल्या काढल्या होत्या. खेळाडूंनी अख्खी संध्याकाळ एका नावाड्याचा पाठलाग केला, कारण त्याचं नाव विचारल्यावर मी अडखळलो आणि त्यांना तो संशयित वाटला. तेव्हापासून दहा नावांची चिठ्ठी कायम हाताशी असते.

उत्तर २

वरच्यांचं पटतं, पण "कमी लिहा" हे सांगणाऱ्याला वीस वर्षांचा सराव असतो. मी अर्धं पान घेऊन बसले होते, चाळीस मिनिटांत घाम फुटला. त्यापेक्षा छापील छोटं साहस घेऊन एकदा चालवा, त्यातलं काय वापरलं आणि काय खोडलं ते बघा. मग स्वतःचं रचा.

लढाईचं म्हणाल तर एक सरदार विरुद्ध चार खेळाडू म्हणजे प्रत्येक फेरीत त्याची एक पाळी आणि त्यांच्या चार. कितीही तगडा असला तरी तो उरतो कसा? दोन तिरंदाज वर सज्जात उभे करा. नाहीतर दुसऱ्या फेरीत तळघरात पाणी शिरू द्या, म्हणजे मारण्याखेरीज वैद्यला बाहेर काढायचंही काम उरतं.

उत्तर ३

बाण सोडणारीला ओरडला नाहीत ना? त्या रात्रीची सगळ्यात भारी गोष्ट तीच होती. भाषण हवंच असेल तर सरदाराला दाराआडून बोलू द्या.

प्रश्नकर्ता

ओरडलो नाही, पण तोंड पाडून बसलो होतो, ते तिला दिसलं असणार. शनिवारी परत बसतोय. सरदार निसटला असं ठरवलंय (तिची हरकत नाही, विचारलं), आणि मुलगा आजारी ही कल्पना चोरतोय. नावांची चिठ्ठी झाली. आता अडलंय ते एकाच गोष्टीपाशी: खेळाडूंनी त्या मुलाला बरं करायचं ठरवलं, तर लढायचं कोणाशी?

उत्तर १

वैद्यला विचारा. चार दिवस कोंडून ठेवलंय तिला. ती बरी मदत करेल!