पे-पर-व्ह्यू मेलं कुठे?

"महिन्याच्या वर्गणीत बॉक्सिंग दाखवणं परवडत नाही, हे डॅझोन या खेळांच्या स्ट्रीमिंग सेवेने सिद्ध केलंय" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. डॅझोन २०१८ मध्ये अमेरिकेत उतरलं ते महिना ९.९९ डॉलरला, पे-पर-व्ह्यू (म्हणजे प्रत्येक लढतीचे वेगळे पैसे) संपलं अशी दवंडी पिटत. बडा बॉक्सर कानेलो आल्वारेझशी ११ लढतींचा ३६.५ कोटी डॉलरचा करारही केला. आणि मे २०२२ मध्ये त्याच कानेलोची बिवोलविरुद्धची लढत डॅझोनच्याच वर्गणीदारांना वेगळे पैसे मोजून बघावी लागली! मोठा बॉक्सर वर्षातून जेमतेम दोनदा रिंगमध्ये उतरतो. लढत संपली की लोक वर्गणी बंद करतात, दुसरं काय होणार?

नेटफ्लिक्सचं गणित वेगळं. त्यांचं घर बॉक्सिंगवर चालत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या जेक पॉल-माइक टायसन लढतीला एकाच वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम, असा त्यांचाच दावा (चित्र अडकत होतं ते सोडा, लढतही रटाळच). सप्टेंबर २०२५ मध्ये कानेलो-क्रॉफर्ड लढत तर त्यांनी नेहमीच्या वर्गणीतच दाखवली.

पण हे झालं बड्या नावांचं. अमेरिकेतल्या वर्गणीवरच्या टीव्ही वाहिन्यांपैकी एचबीओ २०१८ च्या शेवटी बॉक्सिंगमधून बाहेर पडलं, शोटाइम २०२३ मध्ये. हे दोघे उमेदवारीच्या काळातल्या बॉक्सरलाही पडद्यावर आणायचे. नेटफ्लिक्स त्या भानगडीत कशाला पडेल?