मैत्रीण तुटली तर कोणी विचारतही नाही, असं का?

फोंडेकरीण: नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्ही घरची माणसं मध्ये पडतात. जिवाभावाची मैत्रीण दुरावली तर आई म्हणते, "मिळेल गे दुसरी." पहिलीपासून आम्ही दोघी एका छत्रीत. लग्न होऊन ती गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणला गेली. आता चवथीला गणपतीचा फोटो येतो, मी हात जोडलेलं चिन्ह पाठवते, संपलं. मुलींची मैत्री म्हणजे लग्नापर्यंतचा विरंगुळा, असंच सगळे धरून चालतात.

म्हापसेकर: काणकोण म्हणजे काय परदेश? मडगावला कदंबा बस बदलली की पोचता. दर वेळी लग्नावर खापर कशाला? माझ्या बहिणीची मैत्रीण दुसरीबरोबर शुक्रवारच्या बाजाराला गेली, तर हिचं तोंड चार दिवस फुगलेलं. एवढी मालकी कोण सोसेल? आम्ही पुरुष वर्षभर बोलत नाही, फुटबॉलच्या मैदानावर भेटलो की परत सुरू.

सत्तरीची सून: रॉबर्ट्स आणि डन्बर या संशोधकांनी शाळा संपवून बाहेर पडलेल्या इंग्लंडमधल्या मुलामुलींवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. 2015 चा अभ्यास. मुलग्यांची मैत्री एकत्र काहीतरी केल्याने टिकली, मुलींची बोलण्याने. आता सासरी बोलायचं कधी? फोन घेऊन बलकांवावर, दारापुढच्या बैठकीवर, बसले की आतून हाक येते, "कोणाचा गे?"

म्हापसेकर: मूठभर गोऱ्या पोरांवरून सत्तरी तालुक्याचा निकाल लावू नका.

डिचोलीची काकी: आमच्या वेळी पौषात धालो असायचे, बायकांचा रात्रीचा नाच-गाण्यांचा खेळ. मांडावर, म्हणजे खेळाच्या अंगणात, समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला हात, रात्र कधी सरली कळायचं नाही. भांडण झालेलीही त्याच रांगेत उभी राहायची, जाणार कुठे? तुम्ही सगळा जीव एकीतच गुंतवता, मग ती गेली की रिकाम्या.

फोंडेकरीण: काकी, मांडावर बायका सासरच्या वाड्यातल्या. त्या वाईट नाहीत. माझं मूल पोटातच गेलं तेव्हा सगळ्या येऊन बसल्या, पेज करून घातली. मला तीच हवी होती.

म्हापसेकर: वाईट वाटलं वाचून. पण तिला कळवलं होतं का?

फोंडेकरीण: नाही. सांगून यायचं तर मैत्रीण कसली?

म्हापसेकर: बघा, मी हेच म्हणतोय.

सत्तरीची सून: तुम्ही फुटबॉलच बघा.