अनुभव धागा: टेनिसचा संघ कोर्टावर जमतो की कृष्णाकाठी?

३ ऑगस्ट १९९६ ला लिअँडर पेसनं अटलांटा ऑलिंपिकमध्ये टेनिसचं कांस्यपदक घेतलं आणि त्याच पावसाळ्यात मी सांगलीत कॉलेजच्या टेनिस संघात आलो. पेसनं तो सामना ३-६, ६-२, ६-४ असा काढला होता. सरावात कुणाचाही पहिला सेट गेला की तो हेच आकडे मनात म्हणायचा. आम्ही चौघे होतो आणि चौघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं. त्यात नवल नाही. वर्षभर एकमेकांनाच हरवून आपला नंबर ठरवायचा आणि विभागीय स्पर्धेच्या दिवशी एका बाकावर बसून एकमेकांसाठी ओरडायचं, हे मनाला सहज जमत नाही.

आमचं जमलं ते नदीवर. पहाटेचा सराव संपला की सायकली विष्णू घाटाकडे वळायच्या. पावसाळा ओसरून पाणी निवळलं की पलीकडच्या काठापर्यंत पोहायचं. आमच्यातला चार नंबरचा खेळाडू कोर्टावर माझ्याकडून कायम हरायचा, पण पाण्यात तो आमचा उस्ताद. पहिल्यांदा पार जाताना निम्म्यात माझे दंड भरून आले. तो शेजारी आला. हात दिला नाही, नुसतं म्हणाला, "भावा, पाण्याकडं बघू नको. पलीकडचं झाड धर."

पुढे एका लढतीत मी १-४ नं मागे होतो. बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. तो बाटली घेऊन आला, टॉवेल दिला आणि म्हणाला, "झाड धर." सेट ७-५ नं माझा झाला. संघाची लढत मात्र हातची गेली, शेवटच्या दुहेरीत. ती दुहेरी तोच खेळत होता आणि त्या संध्याकाळी घाटावर आम्ही चौघे अंधार पडेपर्यंत बसून होतो. नंबरावरून पुन्हा भांडण झालं नाही.

तुमचा संघ कुठे जमला? निकाल थोडक्यात सांगा, जागा आणि माणसं सविस्तर लिहा. टेनिसच हवं असं नाही, पण असेल तर जास्त आनंद होईल.

*

मुलींचा संघ, २००३

आम्ही तिघीच होतो, त्यामुळे कुणी आजारी पडायची सोय नव्हती. मी आणि माझी दुहेरीतली जोडीदार सरावाशिवाय एकमेकींशी बोलत नव्हतो. कारण होतं एक नंबरची एकेरी कुणी खेळायची. निवड चाचणीत ती जिंकली आणि मी ते मनातून मान्य केलं नाही.

दुहेरी खेळलेल्यांना ठाऊक असेल, सगळ्यात अवघड चेंडू कोपऱ्यातला नसतो, दोघींच्या मधला असतो. तो कुणाचा हे आधी ठरलेलं असलं तरी ऐन वेळी तोंडातून "माझा" निघावं लागतं. आम्हा दोघींची तोंडं मिटलेली. चेंडू मधून जायचा आणि आम्ही एकमेकींकडे बघायचो.

सरांनी एका रविवारी सराव रद्द केला आणि आम्हाला दंडोबाला नेलं. मिरजेहून एसटीनं भोसे, तिथून डोंगर. वर डोंगरात कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे आणि आतली प्रदक्षिणेची वाट काळोखी. त्या दिवशी आमच्याकडे बॅटरी नव्हती. ती पुढे, मी मागे, एक हात भिंतीवर. दगड गार आणि ओलसर लागत होता. थोडं गेल्यावर ती थांबली आणि मी तिच्या पाठीवर आदळले. मग ती प्रत्येक पावलाला बोलायला लागली: "खाली दगड आहे." "डोकं वाकव." "आले का गं?" मी "आले, आले" म्हणत गेले. बाहेर उजेडात आलो तेव्हा तिनं माझी ओढणी धरलेली होती, की मी तिची, ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टावर पहिलाच मधला चेंडू आला आणि ती ओरडली, "आले!" आम्ही तिघी इतक्या हसलो की सरांनी सराव पाच मिनिटं थांबवला. त्या मोसमात आम्ही आंतरविभागीयपर्यंत गेलो. आजही ती फोन उचलते तेव्हा "हॅलो" म्हणत नाही, "आले" म्हणते.

*

आमचं एवढंच: दर डिसेंबरात नदीकाठी चूल. कृष्णाकाठची वांगी निखाऱ्यावर भाजायची, भाकरी घरून, कांदा बुक्कीनं फोडायचा. कॅप्टननं सगळ्यांना वाढून झाल्यावर बसायचं हा नियम होता. तो नियम कुणी केला माहीत नाही, आमच्या आधीपासूनचा होता आणि मोडलेला पाहिला नाही.

*

२०१९ च्या पुरातला संघ

त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं कोर्ट विश्रामबागेच्या बाजूला, कोरडं. पण संघातल्या दोघांची घरं नदीलगतच्या गावभागात. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तर पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत गाळ, आणि तो वास. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

खराट्यानं तो गाळ हलेना. आमचं कोर्ट सिमेंटचं, पाऊस पडला की पाणी सारायला तीन फुटी रबरी वायपर होते. कुणीतरी ते आणायला पळालं. कोर्टावर जशी ओळ धरून पाणी ढकलतो तशी आम्ही पाच जणांनी ओळ धरली आणि मागच्या खोलीपासून दारापर्यंत गाळ ढकलत आणला. बादल्या, पुन्हा ओळ, पुन्हा बादल्या. तिसऱ्या खोलीत माझ्या मित्राची रॅकेट सापडली, कव्हरात. कव्हर उघडलं तर गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा, तुटलेलं आणि फ्रेमच्या आत पाणी वाजत होतं. तो रडला नाही, त्याची आई रडली.

त्याचं घर झाल्यावर शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळांनो, आमचंही करता का?" चार दिवसांत अकरा घरं झाली. मोसमाची तयारी बुडाली म्हणून कुणी हळहळलं नाही. त्या वर्षी तो मित्र माझ्या दुसऱ्या रॅकेटनं खेळला आणि ती मी परत घेतली नाही.

*

निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा

मी मुलांना सागरेश्वरला न्यायचो. देवराष्ट्र्याच्या बाजूनं चढायचं. हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून तिथं झाडं उभी राहिली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. माणसांनी लावून वाढवलेलं जंगल पोरांनी पायांनी बघावं असं मला वाटे. वरून कृष्णेचं खोरं दिसतं, उसाचे हिरवे चौकोन.

एकदा संघातून वगळलेला एक मुलगाही आग्रहानं बरोबर घेतला होता. तो मागे मागे रेंगाळत होता. मी त्याच्याबरोबर चाललो आणि नंदू नाटेकरांची गोष्ट सांगितली. ते आपल्या सांगलीचे, जन्म १९३३ चा. आधी टेनिस खेळत. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि टेनिस त्यांच्या घरी परतलं: मुलगा गौरव १९९४ च्या एशियाडमध्ये पेसबरोबर दुहेरीत सुवर्ण जिंकला.

तो वगळलेला मुलगा काही बोलला नाही. उतरताना मात्र तो सगळ्यांच्या पुढे होता. पुढल्या वर्षी तो टेबल टेनिसच्या संघात आला.

*

ग्राउंडमनचा मुलगा

माझे वडील कॉलेजचे ग्राउंडमन. खेळाडू त्यांना मामा म्हणायचे. कोर्ट मुरुमाचं. आदल्या संध्याकाळी पाणी, पहाटे रोलर, मग दोरी ताणून फक्की. ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद, एकेरीची रेघ दोन्हीकडून साडेचार फूट आत. कोपरा काटकोनात आला का ते बघायला त्यांची एक युक्ती होती: नेटच्या रेषेपासून बेसलाइनपर्यंतच्या, म्हणजे टोकाच्या रेघेपर्यंतच्या, अर्ध्या कोर्टाचा कर्ण ५३ फूट १ इंच भरला पाहिजे. शाळा चौथीपर्यंत, पण हा आकडा त्यांना झोपेत विचारला तरी सांगत.

एका एप्रिलमध्ये मोसम संपल्यावर पोरं त्यांना हरिपूरला संगमावर घेऊन गेली. मीही होतो, आठ वर्षांचा. कृष्णा-वारणेचं पाणी मागं सरलेलं, काठाची माती मोकळी. जेवणं झाल्यावर एक जण म्हणाला, "मामा, इथं आखा की कोर्ट." वडिलांनी खिशातून दोरी काढली, ती त्यांच्याकडे कायम असायची. फक्की नव्हती म्हणून चुलीतली राख घेतली. दोन काठ्यांना टॉवेल आणि लुंग्या बांधून नेट केलं. एका पोरानं रॅकेट उभी धरली, दुसऱ्यानं तिच्यावर आपली आडवी टेकवली, नेटची मधोमध तीन फूट उंची मोजायची ही त्यांची रीत.

मऊ मातीत चेंडू उसळेना, म्हणून टप्पा न पडू देता खेळायचं ठरलं. मग कॅप्टननं रॅकेट वडिलांच्या हातात दिली. वीस वर्षं कोर्ट आखणाऱ्या माणसानं पहिल्यांदा सर्व्हिस केली. सगळे गप्प उभे होते.

रात्री घरी आल्यावर त्यांनी आईला दोनदा सांगितलं, "नेटला लागली नाही."