बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन: रोबोटिक की साध्या दुर्बिणीने? (ठाणे)

कोपरीकर: बाबा ६७ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात (गुदाशयाच्या अगदी वरचा भाग) डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरच्या छोट्या फुगवट्यांना सूज. वर्षात दोनदा ॲडमिट झाले, अँटिबायोटिक्सवर निभावलं. आता सर्जन म्हणतात तेवढा तुकडा काढू, रोबोटने. खर्च दुर्बिणीपेक्षा बराच जास्त. आईला वाटतंय मशीन आपलं आपणच कापत सुटणार! ठाणे-नवी मुंबईत कुणाचा अनुभव?

खारघरची_माई: ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. आईंना सांगा, रोबोट स्वतःहून काडीही हलवत नाही. डॉक्टर बाजूच्या कन्सोलमध्ये (रोबोट चालवायच्या यंत्रात) डोकं घालून बसतात, हात त्यांचेच. फायदा म्हणजे आतली अवजारं मनगटासारखी वळतात. ओटीपोटात खोल, अरुंद जागेत त्याचा उपयोग. पण २०१७ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७१ रुग्णांवरचा रोलार अभ्यास आला, त्यात पोट उघडावं लागण्याच्या प्रमाणात दुर्बीण आणि रोबोटमध्ये ठोस फरक दिसला नाही. बाबांचं तर त्याहून वरचं, सिग्मॉइडचं. मी मशीन नाही, हात बघेन. सरळ विचारा: ही सर्जरी तुम्ही स्वतः किती केल्यात? तुकडा काढल्यावर आतड्याला घातलेला जोड किती जणांचा लीक झाला? चांगला सर्जन चिडत नाही.

वाशी_सेक्टर१७: पॉलिसी आधी वाचा. ऑक्टोबर २०२० पासून रोबोटिक सर्जरी सरसकट नाकारता येत नाही, पण कंपनी मर्यादा घालू शकते. आमच्या पॉलिसीत ती होती, कळली डिस्चार्जच्या दिवशी. संध्याकाळी सहापर्यंत बिलिंगसमोर बसून मेव्हण्याकडून पैसे मागवले. प्री-ऑथ (कंपनीची आगाऊ मंजुरी) घेतानाच टीपीएकडून (कंपनीचे क्लेम बघणारी एजन्सी) आकडा लेखी घ्या.

मुलुंडची_सून: पोटावर लावायच्या शौचाच्या पिशवीचंही विचारा. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकदा लागत नाही, पण लागलीच तर? आदल्या दिवशी पेशंटला बसवून, उभं करून मार्करने जागा आखून घ्यावी. सासऱ्यांची आखली नव्हती. पिशवी नेमकी पायजम्याच्या नाडीखाली आली, तीन महिने लुंगीवर काढले.

कोपरीकर: माई, विचारलं. चिडले नाहीत. म्हणाले, "दुर्बिणीनेही तितकंच छान होईल, खर्च बघून ठरवा." दुर्बीणच ठरवली. आईने पहिला प्रश्न केला, "मग रोबोट आधी का सांगितलात?" त्यावर मात्र ते नुसते हसले.